फवारणीमुळे थायरॉईड वाढला का?

प्रश्न : डॉक्टर मॅडम, नमस्कार. तासगाव तालुक्यात आमची अडीच एकर द्राक्षबाग आहे. माझ्या पत्नीचं वय ३८. यंदा विरळणीच्या वेळी तिच्या कात्रीनं चांगले मणी कापले जायला लागले. हात थरथरत होता. भूक पहिल्यापेक्षा जास्त, तरी चार महिन्यांत वजन ९ किलोनं उतरलं. थंडीतही घामानं अंग भिजायचं. आम्हाला वाटलं, फवारणीचं औषध लागलं. गावात दोन वेळा सलाईन लावून घेतली. नंतर रक्त तपासलं, तर टीएसएच ०.०१ च्याही खाली. टीएसएच कमी म्हणजे थायरॉईड कमी, असं म्हणून माझ्या भावजयीनं तिच्या रोजच्या थायरॉईडच्या गोळ्या हिला १० दिवस दिल्या. त्रास आणखी वाढला. शेवटी मिरजेत दाखवलं, ग्रेव्हज आजार निघाला, कार्बिमाझोल सुरू आहे. डोळे थोडे मोठे दिसतात.

आता घरात रोज एकच विषय, हे झालं कशामुळे. मी म्हणतो बागेत फवारतो त्या एम-४५ या बुरशीनाशकामुळे. आई म्हणते आयोडीनच्या मिठामुळे. मोबाईलवर तसं आलं होतं, म्हणून आम्ही सैंधव आणलं. सासुरवाडीचे म्हणतात, बागेच्या कर्जाच्या टेन्शनमुळे. मी बिडी ओढतो, पण ती ओढत नाही. काय ते खरं कारण एकदा सांगा. बाग काढायची असेल तर काढून टाकतो.

उत्तर : बाग काढू नका, दादा. हे पहिल्यांदा सांगते, कारण तुम्ही तो विचार मनात धरून बसला आहात असं पत्रावरून दिसतं.

भावजयीच्या गोळ्या आता बंद असतील असं धरून चालते. तुमच्या घरात झालेली ही गल्लत माझ्याकडे आठवड्याला एकदा तरी येते, म्हणून जरा सविस्तर लिहिते. टीएसएच हा गळ्यातल्या थायरॉईड ग्रंथीचा रस (हार्मोन) नव्हे. तो मेंदूच्या बुडाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीचा हुकूम असतो. ऊसतोडीचा मुकादम डोळ्यांपुढे आणा. टोळी काम कमी करायला लागली की मुकादम ओरडतो, टोळी झपाट्यानं काम उरकत असली की तो गप्प बसतो. तुमच्या पत्नीचा टीएसएच तळाला गेलाय याचा अर्थ मुकादम गप्प झालाय, कारण ग्रंथी गरजेपेक्षा कितीतरी जास्त रस तयार करते आहे. भावजयीचा टीएसएच वाढलेला असणार, म्हणजे तिची ग्रंथी मंद. दोघींचे आजार उलट टोकांचे, आणि गावात दोन्हीला नाव एकच, ‘थायरॉईड’. मंद ग्रंथीची गोळी जास्त चालणाऱ्या ग्रंथीच्या बाईला देणं म्हणजे धावत्या बैलाला आसूड मारणं. छाती धडधडून त्या १० दिवसांत काही झालं नाही, हे नशीब.

ग्रेव्हजमध्ये मुकादम गप्प असतानाही काम थांबत नाही, कारण हुकूम दुसरंच कुणीतरी देत असतं. शरीराची रोगप्रतिकारक शक्ती चुकून अशा अँटीबॉडी बनवते की त्या टीएसएचच्याच जागेवर जाऊन बसतात आणि ग्रंथीला चालवत राहतात. ही चूक होण्याची ठेवण बरीचशी जन्मतः येते, आणि पुरुषांपेक्षा बायकांत हा आजार पाच ते दहा पट जास्त. पण सगळं जन्मतः ठरत नाही. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला ग्रेव्हज झाला तर दुसऱ्याला होण्याचं प्रमाण साधारण एक तृतीयांश. रक्त तेच, तरी बाकीचे दोन तृतीयांश सुटतात. तेव्हा बाहेरचं काहीतरी ठिणगी टाकतं, हा तुमच्या घरातला संशय रास्त आहे. ती ठिणगी तुम्ही कुठे शोधताय, एवढंच बघायचं.

आधी तुमचं एम-४५. माझं माहेर कवठेमहांकाळकडचं, बागायतदाराचंच. दावणीची बुरशी येईल या धास्तीनं पावसाळी हवेत वडील दिवसाआड फवारायचे. ड्रममध्ये पूड ओतून हातानंच ढवळायचे. कोपरापर्यंत हात पिवळे, भुवयांवर पिवळी पूड. त्याच कपड्यांवर चहा घ्यायचे. आई ते कपडे आमच्या शाळेच्या कपड्यांबरोबर एकाच बादलीत भिजवायची. त्यामुळे या औषधाबद्दल मी तुम्हाला काही सोपं, गोड सांगणार नाही.

एम-४५ म्हणजे मँकोझेब. ते फुटतं तेव्हा त्यातून इथिलीन थायोयुरिया नावाचा पदार्थ तयार होतो, आणि तो थायरॉईडला बाधतो हे पक्कं आहे. पण बाधतो तो उलट्या दिशेनं. ग्रंथीत रस तयार करणारं जे एन्झाइम आहे ते तो अडवतो, म्हणजे ग्रंथी मंद करतो. गंमत नाही, खरं सांगते : तुमची पत्नी सध्या घेते ती कार्बिमाझोलची गोळीही तेच एन्झाइम अडवते. म्हणून मँकोझेबनं थायरॉईड ‘वाढवला’ हे गणित जुळत नाही. आणि याचा उलटा अर्थ काढून कुणी औषधाशी ढिलाई करू नये. युरोपीय संघानं २०२० साली मँकोझेबची मंजुरी पुढे चालू ठेवली नाही, त्यामागे हार्मोनमध्ये ढवळाढवळ आणि गर्भाला धोका ही कारणं होती. हातमोजे, मास्क, ढवळायला लाकडी दांडा. फवारून आल्यावर आंघोळ करूनच घरात. कपडे वेगळ्या बादलीत, आणि ते धुणाऱ्या बाईच्याही हातात मोजे. शेवटच्या फवारणीपासून तोडणीपर्यंतचे दिवस डब्यावर छापलेले असतात, ते पाळायचे. हे सगळं ग्रेव्हज नसता तरीही करायचंच होतं.

‘औषध लागलं’ म्हणून सलाईन लावली, त्यात मोलाचे दिवस गेले. फॉस्फरसवाल्या कीटकनाशकांची विषबाधा काही तासांत होते. तोंडाला लाळ सुटते, उलट्या, पोटात कळा, डोळ्याची बाहुली टाचणीच्या टोकाएवढी बारीक. चार महिने हळूहळू वजन उतरणं हे विषबाधेचं चित्रच नव्हे. माझ्याकडे अशी बाई आली की मी तिला दोन्ही हात समोर ताठ धरायला सांगते, बोटं फाकवायला सांगते आणि वर वहीचा एक कोरा कागद ठेवते. थायरॉईड जास्त असेल तर कागदाची कड सुपातल्या तांदळासारखी थरथरते. मग हातातल्या बांगड्या बघते. भरताना मुठीतून जेमतेम गेलेल्या बांगड्या कोपराकडे घसरत असतात. नाडी झोपेतही शंभरच्या वर. एवढं बघायला मशीन लागत नाही, आणि कुणीही घरच्या घरी बघून वेळेत तपासणीला जाऊ शकतं.

आता बिडी. पत्राच्या शेवटी तुम्ही एका ओळीत ती उरकलीत, मला मात्र तिथेच थांबायचं आहे.

ग्रेव्हजच्या बाहेरच्या कारणांमध्ये सर्वांत भक्कम पुरावा तंबाखूच्या धुराचा आहे. ओढणाऱ्यांत हा आजार होण्याचा धोका साधारण दुप्पट. ग्रेव्हजमध्ये होणारा डोळ्यांचा त्रास तर ओढणाऱ्यांना जास्त होतो, जास्त गंभीर होतो आणि औषधांना दाद कमी देतो. तुमची पत्नी ओढत नाही, खरं आहे. पण तुम्ही कुठे ओढता? सोप्यात, संध्याकाळी, ती चहा घेऊन शेजारी बसलेली असताना? युरोपातल्या ग्रेव्हज झालेल्या मुलांची पाहणी झाली, तेव्हा ज्या देशांत ओढणारे जास्त तिथे लहान मुलांतही डोळ्यांचा त्रास जास्त दिसला. दहा वर्षांखालची मुलं स्वतः ओढत नाहीत. त्यांच्यापर्यंत धूर मोठ्यांचाच पोचतो. म्हणून ज्यांचे डोळे मोठे दिसायला लागलेत त्यांना आम्ही दुसऱ्याच्या धुरापासूनही लांब ठेवतो.

तुमच्या बिडीमुळेच तिला ग्रेव्हज झाला असं मी म्हणत नाही. एका माणसाच्या बाबतीत तसं बोट दाखवता येत नाही, आणि दाखवून तिचा हात थरथरायचा थांबणार नाही. पण तुम्ही अडीच एकर बाग मोडायला तयार आहात. त्यापेक्षा बंडल मोडा. तिच्या डोळ्यांसाठी तुमच्या हातात असलेली सर्वांत मोठी गोष्ट हीच आहे. घरात ओढायची थांबवून ओढायला अंगणात गेलात, एवढ्यानं भागणार नाही, कपड्यांतून आणि श्वासातून धूर घरात येतोच. (घरातल्या कुणी बाई मिश्री लावत असतील तर तीही सोडायला सांगते, पण ती तोंडाच्या कॅन्सरसाठी. थायरॉईडचा मुद्दा धुराचा आहे.)

आईंच्या मिठाकडे येते. आयोडीन हा थायरॉईडच्या रसाचा कच्चा माल, त्यामुळे त्यांना शंका आली यात चूक काही नाही. पण माप बघा. घरात पोचणाऱ्या मिठात आयोडीन किमान १५ पीपीएम असावं लागतं, म्हणजे एका ग्रॅम मिठात १५ मायक्रोग्रॅम. दिवसात १० ग्रॅम मीठ पोटात गेलं तरी १५० मायक्रोग्रॅम होतात, आणि मोठ्या माणसाची दिवसाची गरज तेवढीच आहे. या मापात ग्रेव्हज पेटत नाही. हे मीठ आपल्याकडे उगीच आलं नाही. डॉ. व्ही. रामलिंगस्वामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५६ पासून हिमाचलमधल्या कांगडा खोऱ्यात काम करून दाखवलं की आयोडीनयुक्त मिठानं गलगंड ओसरतो, आणि १९६२ मध्ये देशाचा गलगंड नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. सैंधवात आयोडीन मिसळलेलं नसतं. घरात शाळकरी मुलं असतील, उद्या कुणी सून-लेक गरोदर राहील, तर पोटातल्या बाळाच्या मेंदूला ते आयोडीन हवं असतं. सैंधव चवीपुरतं ठेवा, स्वयंपाकाला आयोडीनचंच मीठ आणा. थायरॉईडच्या स्कॅनच्या किंवा रेडिओआयोडीनच्या (किरणोत्सारी आयोडीनच्या) उपचाराआधी डॉक्टर थोडे दिवस आयोडीन कमी करायला सांगतात, तेवढं पाळा.

आयोडीननं थायरॉईड वाढतो ही गोष्टही खरी आहे, पण ती वेगळ्या माणसांची. १९६६ साली ऑस्ट्रेलियातल्या टास्मानियात पावातून आयोडीन द्यायला सुरुवात झाली, आणि लगेच थायरॉईड जास्त झालेले रुग्ण वाढले. त्यात भर होती वयस्कर माणसांची, वर्षानुवर्षं आयोडीन कमी मिळून ज्यांच्या ग्रंथीत आधीच गाठी झालेल्या होत्या. अशा गाठी मुकादमाचं ऐकत नाहीत. कच्चा माल मिळाला की सुटतात. काही वर्षांनी ही लाट ओसरली. खाली कराडहून आलेलं पत्र आहे, ते याच जातीचं आहे.

टेन्शनबद्दल सासुरवाडीचे बोलतात ते मी उडवून लावणार नाही. इंग्लंडमधल्या बाथ गावच्या डॉ. पॅरी यांनी या आजाराची नोंद, ज्यांचं नाव आजाराला मिळालं त्या डॉ. ग्रेव्हज यांच्याही आधी करून ठेवली होती. ती त्यांच्या मृत्यूनंतर १८२५ मध्ये छापली गेली. त्यातली एक रुग्ण २१ वर्षांची. १८०३ मध्ये उतारावरून जोरात येताना चाकाच्या खुर्चीतून ती फेकली गेली, भयंकर घाबरली, आणि तिथून तिची धडधड सुरू झाली. स्वीडनमध्ये १९९१ साली नव्या रुग्णांना आधीच्या वर्षाबद्दल विचारलं, तेव्हा त्यांच्या आयुष्यात वाईट घटना निरोगी माणसांपेक्षा जास्त घडलेल्या दिसल्या. २०१९ च्या ऑगस्टातल्या महापुरानंतर सांगलीवाडीची एक बाई माझ्याकडे आली होती. तीन दिवस गच्चीवर, खाली म्हशी गेलेल्या. ‘पाणी उतरलं, पण छातीतलं पाणी उतरलं नाही,’ असं ती म्हणाली. तिचा ग्रेव्हज पुरानंच आला की आधीपासून आत धुमसत होता, हे मी ठरवायला गेले नाही. उलटंही घडतं : आजार आधी येतो, त्यामुळे चिडचिड आणि झोपमोड होते, आणि घरचे म्हणतात की हिच्या स्वभावामुळेच झालं. तुमच्या पत्नीला कुणी असं म्हणत असेल तर तुम्ही मध्ये पडा. दोन-तीन महिन्यांत गोळीनं रस आटोक्यात आला की तिचा स्वभाव पूर्वीचा दिसेल.

कारणं शोधता शोधता गोळी विसरू नका. कार्बिमाझोल बहुधा १२ ते १८ महिने चालते, बरं वाटलं म्हणून मध्येच सोडायची नाही. पण ती चालू असताना ताप आला, घसा खूप दुखला किंवा तोंडात फोड आले, तर गोळी त्याच दिवशी थांबवायची आणि त्याच दिवशी पांढऱ्या पेशींची तपासणी करून घ्यायची. क्वचित या गोळीनं त्या पेशी एकदम कमी होतात आणि साधा घसा जिवावर बेततो. पहिले तीन महिने यावर जास्त लक्ष. दिवस जाण्याची शक्यता असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, गोळी बदलावी लागते. डोळ्यांना दोन-दोन दिसायला लागलं, रंग फिके वाटले किंवा नजर कमी झाली तर पुढच्या तारखेची वाट बघू नका.

प्रश्न : माझ्या आईचं वय ६७, राहणार कराड. गळ्यावर २० वर्षांपासून गाठ आहे, कधी त्रास नाही. मार्चमध्ये अँजिओग्राफी झाली. मे महिन्यात छातीत अनियमित धडधड, वजन कमी आणि थायरॉईड जास्त निघाला. अँजिओग्राफीशी याचा संबंध आहे का?

उत्तर : असू शकतो, आणि तुम्ही तारखा लिहून पाठवल्यात हे फार चांगलं केलंत. अँजिओग्राफीत किंवा सीटी स्कॅनमध्ये जो डाय देतात त्यात आयोडीन असतं. १०० मिलीलीटर डायमध्ये ते ३० ग्रॅमच्या आसपास भरतं. त्यातलं जवळजवळ सगळं बांधलेलं असतं आणि लघवीवाटे निघून जातं, पण जो किंचित भाग सुटा असतो तोही रोजच्या गरजेच्या अनेक पट होतो. आईच्या गाठीसारख्या जुन्या गाठींना एवढा माल पुरतो. काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी थायरॉईड वाढतो. मुलांना मिठातून मिळणारं आयोडीन आणि हे, यांची तुलनाच होऊ शकत नाही.

याचा अर्थ अँजिओग्राफी करायला नको होती असा मुळीच नाही. हृदयाची नळी बंद पडतेय की काय हे कळणं आधी. पुढच्या वेळी डाय देण्याआधी ‘हिला जुनी थायरॉईडची गाठ आहे’ हे मात्र तोंडानं सांगा, कागदावर लिहून घ्या. आणि सध्या अनियमित ठोक्यांसाठी अमिओडॅरोन नावाची गोळी सुरू आहे का ते बघा. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत ७५ मिलिग्रॅम आयोडीन असतं. त्यातलं रोज ७ मिलिग्रॅमच्या आसपास सुटतं, म्हणजे ४० दिवसांहून जास्त गरजेचं आयोडीन एका दिवसात. ही गोळी स्वतःहून बंद करायची नाही, हृदयाला धोका होतो. तुमचे हृदयाचे डॉक्टर आणि थायरॉईडचे डॉक्टर यांनी एकमेकांशी बोलायला हवं, आणि ते बोलणं घडवून आणायचं काम मुलानं करावं.

प्रश्न : मी २२ वर्षांची, साताऱ्यात शिकते. केस गळतात म्हणून थायरॉईड तपासला. टी-३ आणि टी-४ (थायरॉईडचे रस) जास्त, टीएसएच कमी आला. मला धडधड नाही, वजन तेच आहे, झोप छान लागते. आई फार घाबरली आहे. गोळी सुरू करू का?

उत्तर : अजून नको, बाळ. आधी सांग, केसांसाठी बायोटिन या जीवनसत्त्वाची गोळी घेतेस का? बाजारात १० मिलिग्रॅमच्याही मिळतात आणि मोठ्या माणसाची दिवसाची गरज फक्त ३० मायक्रोग्रॅम आहे. कित्येक प्रयोगशाळांच्या किटमध्ये बायोटिनच्याच चिकटण्यावर मोजमाप चालतं. रक्तात ते भरपूर असलं की टी-३ व टी-४ खोटे जास्त दिसतात, टीएसएच खोटा कमी दिसतो, कधीकधी ग्रेव्हजची अँटीबॉडीसुद्धा खोटी वर येते. ग्रंथी ठणठणीत आणि कागदावर हुबेहूब ग्रेव्हज. अशा कागदावर कार्बिमाझोल सुरू झालेली मुलगी मी बघितली आहे. हात समोर धरून त्यावर कागद ठेवून बघ, आईला नाडी मोजायला सांग. दोन्ही ठीक असेल तर बायोटिन बंद कर, निदान दोन दिवस, आठवडा गेला तर उत्तम. मग पुन्हा रक्त दे आणि फॉर्मवर त्या गोळीचं नाव लिही. त्याच सुईत हिमोग्लोबिन आणि फेरिटिनही (अंगातला लोहाचा साठा) तपासून घे. तुझ्या वयाच्या मुलींचे केस लोह कमी झाल्यानंही गळतात.